धुतल्यावर गाडीत पाणी साचतं, आणि "एक राऊंड मारा, सुकेल" हा काही इलाज नाही

पाचपाखाडीचा पेट्रोलहेड
काल ग्रुपवर एका महाशयांनी लिहिलंय, "स्पोर्ट्स कार धुवून झाल्यावर टॉवेल आणि ब्लोअर घेऊन तासभर उकिडवे बसणारे लोक रिकामटेकडे आहेत. पाम बीच रोडवर एक राऊंड मारा, वारा सगळं सुकवतो." आणि खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं.

अहो बोनेटवरचं पाणी वारा उडवतो, त्याबद्दल भांडण कोणाचंय? प्रश्न आत बसलेल्या पाण्याचा आहे. टेल लॅम्पच्या खाचेत, आरशाच्या काचेमागे, पेट्रोलच्या झाकणाखाली, डिकीच्या कडेच्या पन्हळीत, वायपरखालच्या जाळीत आणि दाराच्या तळाशी. या गाड्यांचा पत्रा इतका वळणावळणाचा असतो की पाण्याला बसायला जागाच जागा. दाराच्या तळाला भोकं असतात पाणी जायला, पण आपल्याकडे झाडाचा पाला आणि मेट्रोच्या कामाची धूळ मिळून त्यात असा चिखल बसतो की पाणी आत कोंडून राहतं. तिथे कुठला वारा पोचणार?

मी काय करतो, धुतल्यावर आधी ब्लोअर, वरून खाली, आरसे आणि लॅम्पच्या फटींवर जास्त वेळ. मग दारं, डिकी, पेट्रोलचं झाकण सगळं उघडं टाकून चहा. मग दारांच्या कडेचं रबर बीडिंग टॉवेलने दाबून पुसायचं, ओढून नाही. मग सोसायटीतच एक फेरी, दोनदा जरा जोरात ब्रेक, की लपलेलं पाणी बाहेर येतं, ते पुन्हा पुसायचं. याला रिकामटेकडेपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

पाम बीच पायलट
महाशय मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

जून ते सप्टेंबर आकाशातून जे कोसळतं त्यापुढे तुमच्या दोन बादल्या काय चीज आहेत? गाडी बनवणाऱ्यांना पाऊस माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? पोर्शे 1970 च्या दशकापासून त्यांच्या 911 या स्पोर्ट्स कारचा पत्रा जस्ताचा मुलामा देऊन बनवते, ते काय शोभेला? पावसात छत्री धरून उभे राहता का गाडीवर? आणि तुमचा तो ब्लोअर, पार्किंगमधलीच धूळ उडवून ओल्या पेंटवर मारतो, नंतर ओरखडे दिसले की शॅम्पूला शिव्या.

पाचपाखाडीचा पेट्रोलहेड
पाऊस वरून पडतो साहेब, प्रेशर वॉशरचा फवारा आडवा आणि खालून घुसतो, जिथे पावसाचा थेंब कधी जात नाही तिथे. नोझल रबरापासून हातभर लांब धर म्हणून सांगितलं तरी वॉशिंग सेंटरचा पोरगा ते लॅम्पच्या फटीतच खुपसतो.

दुसरं म्हणजे पावसात भिजणारी गाडी रोज चालते. आपल्या या गाड्या रविवारी निघतात. धुतली, ओली तशीच कव्हर घालून पोडियम पार्किंगला उभी केली की पुढच्या रविवारपर्यंत ओल आत. जस्ताचा मुलामा असला तरी जिथे दगड लागून टवका उडालाय तिथे काय? त्यात आपली खाडीची खारी हवा.

नेरूळची सॉफ्टटॉप
मी या भांडणात पडणार नव्हते, पण "गाडी बनवणाऱ्यांना माहीत असतं" वाचून हसू आलं. माझी दोन सीटची, छत घडी होणारी कन्व्हर्टिबल आहे, कंपनी सांगत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. धुवून निघाले, उरण फाट्याच्या सिग्नलला ब्रेक मारला आणि सीटच्या मागून डुबुक असा आवाज. पुढे वळणावर परत डुबुक. छताच्या घडीखाली दोन बाजूंना पाणी जायच्या नळ्या असतात, त्यातली एक तुंबली होती. जवळच्या एका गॅरेजवाल्याने कॉम्प्रेसरची हवा सोडली नळीत, म्हणाला मॅडम मोकळी झाली. मोकळी कसली, हवेच्या दाबाने नळी आतल्या आत सांध्यातून निघाली आणि पुढच्या धुण्याला सगळं पाणी कार्पेटखाली. वरून कोरडं ठणठणीत, खालचा फोम पिळला तर धार लागायची. काच खाली-वर करायचं बटण आपल्या मनाने चालायला लागलं. वास तर विचारूच नका, आई बसायला तयार होईना.

जुन्या पोर्शे बॉक्स्टरवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे इमोबिलायझरचा (चोराला गाडी सुरू करू न देणारा) डबा सीटखालीच असतो, तो भिजला की गाडी जागची हलत नाही. पायलट साहेब, त्याला पण राऊंड मारून सुकवणार का? आधी सुरू तर व्हायला हवी ना.

कोटिंगवाला
सिरॅमिक कोटिंग करून घ्या. पाणी थांबतच नाही.

पाचपाखाडीचा पेट्रोलहेड
कोटिंग पेंटवर असतं भाऊ, पाणी दाराच्या आत आहे. उलट कोटिंगवरून पाणी सरसर घसरतं आणि थेट फटीत जातं.

कासारवडवलीचा टँकर
तुमचं चालू द्या, पण एक विचारतो, धुता कोणत्या पाण्याने? आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत मे महिन्यात टँकरचा हिशोब बघून मीटिंगमध्ये लोक एकमेकांच्या अंगावर जातात, आणि खाली एक जण दर रविवारी पाइप लावून गाडी न्हाऊ घालतो. सेक्रेटरीचा मेहुणा आहे म्हणून कोणी बोलत नाही. पाणी साचलं तर बरंच झालं, भरून घ्या बादलीत, झाडांना घाला.

मोरबेचा मोर
म्हणून म्हणतो नवी मुंबईत या. आमच्या महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. 😌

कासारवडवलीचा टँकर
आलेच मोर नाचायला. ठाण्याला स्वतःचं धरण नाही हे आम्हाला रोज नळ सांगतो, तुम्ही सांगायची गरज नाही. शाई धरण होणार, होणार हे ऐकत ऐकत केस पिकले. आणि तुमच्याकडे धरण असलं म्हणून गाडीवर ओतायचं का?

पाचपाखाडीचा पेट्रोलहेड
टँकर भाऊ, मी घरी दोन बादल्यांत धुतो, पाइप लावतच नाही. पण तुमच्या टँकरवरून एक आठवलं. बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की फटीतून ओघळलेलं पाणी उन्हात सुकलं की काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रेघा, आरशाखाली तर अश्रू ढाळल्यासारख्या. मग साध्या शॅम्पूने जात नाहीत. हे सुद्धा वाऱ्यावर सुकवण्याचंच फळ.

खालच्या पॅलेटवाला
सगळ्यांनी बोलून घेतलं असेल तर माझं ऐका. आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे एकावर एक गाड्या. माझी पांढरी हॅचबॅक खाली, वरच्या पॅलेटवर एका हौशी माणसाची लाल टू-सीटर. तो बाहेरून धुवून आणतो आणि तशीच ओली वर चढवतो. रात्रभर तिच्या पोटातून टप टप माझ्या बोनेटवर, नुसतं पाणी नाही, ब्रेकची काळी पूड आणि ग्रीस मिसळलेलं. सकाळी माझी गाडी बिबट्या. तक्रार केली तर म्हणतो "नैसर्गिक निचरा आहे." कमिटी म्हणते बायलॉजमध्ये थेंबाबद्दल काही नाही!

मोरबेचा मोर
टू-सीटर वर चढतेच कशी? पुढचं नाक नाही घासत?

खालच्या पॅलेटवाला
घासतं ना. तो लाकडाची फळी लावून चढवतो आणि फळी माझ्या जागेत ठेवतो.

कासारवडवलीचा टँकर
वर चढवू नको म्हणून लेखी द्या कमिटीला, फोटोसकट. आणि टँकरचा खर्च त्याच्याकडून वेगळा वसूल करा.

नेरूळची सॉफ्टटॉप
दादा, त्याला सांगा धुतल्यावर दहा मिनिटं उतारावर उभी कर, नाक खाली करून, मग शेपटी खाली करून. अर्धं पाणी तिथेच निघतं. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नको म्हणावं, ओल्या डिस्कला पॅड चिकटतात.

खालच्या पॅलेटवाला
ताई, त्याला मी सांगायचं? आमचं बोलणं बंद आहे.

पाम बीच पायलट
बरं, धागा मूळ मुद्द्यावर यायची शक्यता दिसत नाही, तरी बोलतो. पाम बीचवर पोलीस आहेत, म्हणून हल्ली मी अटल सेतू धरतो, ताशी 100 किमीची परवानगी आहे.

पाचपाखाडीचा पेट्रोलहेड
एका बाजूचा टोल 250. त्यात चांगले दोन टॉवेल येतात.

पाम बीच पायलट
हो हो, हुशार आहात. नेरूळच्या ताईंचं नळीचं प्रकरण मी मान्य करतो, कन्व्हर्टिबल हा वेगळाच आजार आहे, ज्याने घेतला त्याने भोगावा. माझ्या पक्क्या छताच्या कूपेला हे काही लागू नाही. फक्त डिकी उघडली की पन्हळीतलं पाणी ओघळून आत कार्पेटवर पडतं, तेवढं सोडलं तर.

पाचपाखाडीचा पेट्रोलहेड
"तेवढं सोडलं तर" 😂 बॅटरी कुठे आहे तुमच्या गाडीत?

पाम बीच पायलट
डिकीत.

नेरूळची सॉफ्टटॉप
😂😂😂

पाम बीच पायलट
हसू नका. पाणी जायची ती भोकं कशाने साफ करता ते सांगा. तारेने केलं तर पेंट जाईल.

नेरूळची सॉफ्टटॉप
तार अजिबात नको. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टोक मेणबत्तीवर धरून गोल करा, हळूहळू फिरवत घाला, अडली तर जबरदस्ती नाही. नंतर पेलाभर पाणी वरून ओता आणि खाली चाकाजवळ येतंय का बघा.

कासारवडवलीचा टँकर
पेलाभरच. बघतोय मी.