आजोबांचा वस्तरा दगडावर लावतोय, हाताचे केस उडतात पण गालावर ओढतो

कोकणकडा
नमस्कार मंडळी. आजोबांचा वस्तरा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. खरा घडीचा, जर्मनीतल्या सोलिंगेनचा, पातं पाच अष्टमांश इंच रुंद आणि दोन्ही अंगांनी खोलगट (पोकळ) घासलेलं. हल्ली सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात तो नव्हे. पाठीवर थोडा गंज होता तो निघाला, धारेवर कुठे खड्डे दिसत नाहीत. आजोबा रोज सकाळी पडवीत आरसा टांगून याच्यानेच दाढी करायचे, मला तो परत चालता करायचाय आणि धार मी स्वतःच लावणार आहे, कोणाला द्यायचा नाहीये.

किंग कंपनीचा १०००/६००० असा दुहेरी दगड घेतला (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). यूट्यूब बघून १००० वर साधारण ४० फेऱ्या, मग ६००० वर ५०, मग चामड्याच्या पट्ट्यावर. हातावरचे केस मधल्या भागाने सटासट उडतात पण टाचेकडे (मुठीकडच्या बाजूला) आणि टोकाकडे काहीच नाही, आणि गालावर लावला की मधला भागसुद्धा ओढतो, डोळ्यात पाणी येतं. आता १२००० चा दगड घ्यावा लागेल का? का माझा हातच चुकतोय? पाठ झिजू नये म्हणून पात्याच्या पाठीला टेप लावायची का नाही यावर पण प्रत्येक जण वेगळं सांगतो.

निसणा
१२००० चा विचार आत्ता पूर्ण बाजूला ठेवा. तुमचं काम १००० वरच राहिलंय. वस्तऱ्याचं गणित असं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणजे कोन पाठच ठरवते, तुमच्या पात्याला साधारण १६-१७ अंश. १००० वर एकच गोष्ट करायची, धारेच्या दोन्ही बाजूंचे घासलेले उतार टाचेपासून टोकापर्यंत एकमेकांना भिडवायचे. ते भिडले नसतील तर पुढचे दगड फक्त चकाकी आणतात, धार नाही. मधे भिडलेत, कडेला नाही, म्हणून मधेच केस उडतात.

काळ्या मार्करने धारेच्या दोन्ही बाजू रंगवा, दोन-तीन हलक्या फेऱ्या मारा आणि भिंगाखाली बघा, दहापटीचं भिंग पुरतं. शाई जिथे राहिली तिथे दगड पोचतच नाहीये. आणि फेऱ्या मोजू नका, ४० लागतील नाहीतर २००, ते पातं सांगणार.

आता दगड. नवा दगडसुद्धा सपाट असेलच असं धरून चालू नका, आणि किंग मऊ आहे, भराभर झिजतो. पेन्सिलीने दगडावर चौकटी आखा, जाड काचेवर २२० किंवा ३२० चा वॉटर पेपर ओला करून चिकटवा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा. मी पहिले सहा महिने हे केलंच नव्हतं आणि तुमच्यासारखाच टोकाला अडकलो होतो. घासून झालं की दगडाच्या कडा जरा मारून घ्या, तीक्ष्ण कड पात्याला लागली की चरा पडतो.

टेपबद्दल माझं मत, लावा. पाठीवर नक्षी किंवा सोन्याचं काम असेल तर नक्कीच. साध्या इन्सुलेशन टेपचा एक थर, त्याने कोन जेमतेम एक अंशाने वाढतो. फक्त एकदा लावली की १००० पासून शेवटपर्यंत ठेवा, घासली गेली की बदला.

धोकटी_सातारा
आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. वडिलांच्या धोकटीत दोन वस्तरे असायचे, एक चालू आणि एक विसाव्याला. टेप कधी बघितली नाय आम्ही, आणि वस्तरे वर्षानुवर्षं चालले, पाठ झिजली तर धारेबरोबरच झिजत्येय ना, कोन तसाच राहतोय. त्यामुळं वरच्या भाऊंशी तेवढ्यापुरतं जमणार नाय माझं, बाकी सगळं बरोबर बोललेत.

पण भाऊ, तुम्ही दाबताय. सगळे नवीन लोक दाबतात. पातं पोकळ आहे म्हणजे कागदासारखं पातळ, दाबलं की वाकतंय आणि धार दगडाला वेगळीच लागत्येय. सुरुवातीला १००० वर थोडा भार चालंल, पण शेवटच्या फेऱ्यांना वस्तऱ्याचं स्वतःचं वजन तेवढंच. वडील म्हणायचे हात नुसता सोबत जाऊ द्यायचा. आवाज ऐका, सगळीकडं एकसारखा पाहिजे. आणि दगडावर पाणी ठेवा, धार नीट टेकली असंल तर पुढं ढकललेलं पाणी पात्यावर चढून येतंय, ज्या जागी चढत नाय ती जागा राहिली समजा.

सायकलवरच्या धारवाल्याकडं चुकूनही देऊ नका. कोयता विळा ठीक, वस्तरा चाकावर तापला आणि धार निळी पडली की पोलादाचं पाणी गेलं, मग कसल्याबी दगडावर लावा, टिकणार नाय.

आर्देनकर
मी नेदरलँड्सला असतो, इथून गाडीने गेलं की बेल्जियममधलं आर्देन, तिथला पिवळा कोटिक्यूल दगड माझ्याकडे आहे, त्यात गार्नेटचे बारीक कण असतात म्हणून तो कापतो. फार सुंदर दगड, पण तुम्ही आत्ता घेऊ नका, नैसर्गिक दगडाचा स्वभाव ओळखायला वेळ लागतो आणि तुम्हाला आधी हात बसवायचाय.

कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. पातं तीन इंच, दगडाची रुंदी अडीच इंच. सरळ ढकललं तर एक टोक कायम बाहेर. टाच दगडावर ठेवून सुरू करा आणि पुढे जाता जाता पातं बाजूला सरकवा, म्हणजे शेवटी टोक दगडावर येईल, परत येताना दुसऱ्या बाजूने तसंच. दोन्ही मिळून फुलीचा आकार होतो. धार पुढे ठेवून ढकलायचं. पलटताना पाठीवर पलटा, धारेवर कधीच नाही.

कोकणकडा
सगळ्यांचे आभार, रविवार पूर्ण यात गेला. मार्कर लावला तर टोकाकडे पाऊण सेंटीमीटर शाई जशीच्या तशी! दगडावर चौकटी आखल्या, मधल्या रेघा शेवटपर्यंत गेल्या नाहीत, म्हणजे खड्डा होताच. सपाट केला, टेपचा एक थर (दादा, आजोबांची वस्तू आहे म्हणून लावली), फुलीच्या फेऱ्या. १००० वर सव्वा तास लागला. पाणी पात्यावर चढतं ते टोकापर्यंत दिसलं तेव्हा थांबलो. मग ६००० आणि पट्टा. आता पूर्ण लांबीला केस उडतात, गाल बऱ्यापैकी झाला, हनुवटीखाली अजून ओढतो.

निसणा
हनुवटीचे केस सगळ्यात राठ, तिथे ६००० कमीच पडतो. पण लगेच दगड घेऊ नका. एका पट्टीवर कापड ताणून त्याला हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट अगदी पुसट लावा, अर्ध्या मायक्रॉनची मिळते, त्यावर १०-१५ फेऱ्या, मग साध्या चामड्यावर ५०. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे, दगडाच्या बरोबर उलट, आणि पट्टा ताठ धरा, ढिला राहिला तर धार गोल होते. एवढं करून ओढला तर ८००० चं बघू.

धोकटी_सातारा
टेप चालंल भाऊ, आजोबांचा आहे तर जपाच. दाढी झाली की पुसून, वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा. कोकणात पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतोय, आणि धारेवर धरला तर परत १००० पासनं.