मधुमेही कुत्रीची कुशिंगची तपासणी: आत्ताच करायची, की आधी साखर आटोक्यात आणायची?

चिंगीवाला, लातूर

आमची चिंगी. पॉमेरियन, वय ९, वजन ७ किलो, पिशवीचं ऑपरेशन लहानपणीच झालेलं. मधुमेह निघून सात महिने झाले. इन्सुलिनची सुरुवात दोन वेळा ३ युनिटनं झाली, वाढत वाढत आता दोन्ही वेळा १२ वर आलोय. तरी दुपारची साखर साडेतीनशेच्या खाली येत नाही. पाणी मोजलं तर चोवीस तासांत १३०० मिली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरपुढं घागरी घेऊन उभं राहिलेलं आमचं घर. आता रात्री दोनला उठून हिच्यासाठी पातेलं भरतोय.

डॉक्टर म्हणाले, कुशिंग असू शकतो, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल गरजेपेक्षा जास्त बनतंय. तपासणी अशी: सकाळी रक्त, मग डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं अगदी कमी मात्रेचं इंजेक्शन (निरोगी शरीरात त्यानं कॉर्टिसॉल खाली जातं), चार तासांनी पुन्हा रक्त, आठ तासांनी पुन्हा. नमुने पुण्याला जाणार.

माझं मत: आत्ता करू नये. तहान, लघवी, भूक ही लक्षणं मधुमेहातही तीच आणि कुशिंगमध्येही तीच. रक्तातलं एएलपी, म्हणजे लिव्हरचं एक एन्झाइम, दोन्हीत वाढतं. त्यात साखर बिघडलेलं जनावर तसंच ताणात असतं, त्यामुळं कुशिंग नसतानाही रिपोर्ट ‘आहे’ असा येऊ शकतो. मग चुकीच्या रोगाच्या गोळ्या सुरू. आधी साखर, मग कुशिंग. कुणाचं वेगळं मत असेल तर मांडा, पण अनुभवावरून.

बार्शी नाका, बीड

अनुभवावरूनच सांगतो. अजिबात थांबू नका.

माझा लॅब्रॅडॉर, ३० किलोचा. ‘आधी साखर’ करत पाच महिने घालवले. ५२ युनिटपर्यंत गेलो, एका वेळेला. पोट माठासारखं सुटलं, दोन्ही कुशींचे केस गेले, पोटाची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसायच्या. तीनदा लघवीत इन्फेक्शन. शेवटी पुण्याला नेलं, कुशिंग निघाला, ट्रायलोस्टेन (कॉर्टिसॉल कमी करणारं औषध) सुरू केलं आणि हळूहळू इन्सुलिन तिशीत आलं. त्यानंतर दीड वर्ष चांगला जगला. ते पाच महिने मात्र फुकट गेले.

अहो, कॉर्टिसॉलच इन्सुलिनला काम करू देत नाही, मग साखर आटोक्यात येणार कशी? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तसं चाललंय तुमचं.

मोंढा, नांदेड

आमचं मेडिकल आहे, म्हणून एकच विचारतो. सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं आहे?

हसू नका. इन्सुलिनची ४० ची बाटली (एका मिलीत ४० युनिट) असेल तर लाल टोपण, १०० ची असेल तर केशरी. ४० च्या बाटलीतलं औषध केशरीवाल्या सिरिंजनं १२ रेघांपर्यंत ओढलं, तर आत जातं ०.१२ मिली, म्हणजे ४.८ युनिट. तुम्ही समजताय १२ दिले. माणसांतही हे लई होतं. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा महिनाभर तसंच घेत होते, आणि घरचे साखर वाढली म्हणून त्यांच्या ताटातला भात काढायलेत.

चिंगीवाला, लातूर

लालच आहे, ४० चीच बाटली आहे. फ्रिजच्या दारात ठेवतो. बाटली मात्र अडीच महिन्यांपूर्वी फोडलेली. एवढ्याशा जिवाला संपत नाही ना लवकर.

मोंढा, नांदेड

मग ती आधी बदला. फोडल्यावर माणसांची चार ते सहा आठवडे धरतात. त्यात तुमच्याकडं मे महिन्यात लाईट गेली की फ्रिजचं कपाट होतं.

जिरायती

राग मानू नका, पण वाचून डोकं फिरलं. इथं सोयाबीनला भाव नाही, बैलाच्या लशीसाठी चार चकरा माराव्या लागतात, आणि तुम्ही पॉमेरियनचं रक्त दिवसातून तीनदा काढून पुण्याला पाठवायलात. चोचले आहेत हे. पूर्वी कुत्रं म्हातारं झालं की दारात पडून राहायचं, शिळी भाकर खायचं, आणि एक दिवस जायचं.

उदगीरची लेक

दादा, घरात कुणी इन्सुलिन घेतं का? घेत असेल तर ते कुत्र्यांमुळंच मिळालंय. १८८९ मध्ये मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, त्याला मधुमेह झाला, तेव्हा कळलं की या रोगाचं मूळ कुठं आहे. १९२१ ला टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन काढलं तेही कुत्र्यांवरच. त्यातली किती मेली असतील. एखादीचं रक्त पुण्याला गेलं तर एवढं काय बिघडतंय!

बैलाच्या लशीचं तुमचं म्हणणं खरं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.

जिरायती

वडील घेतात. बरं. गप बसतो.

म्हशीचा डॉक्टर, परभणी

परभणीच्याच कॉलेजात शिकलो, दिवसभर म्हशी आणि बैल बघतो, कुत्री संध्याकाळी. कुशिंगच्या केसेस माझ्याकडं बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळं तुमच्या डॉक्टरांच्या वर माझा शब्द धरू नका. पण वरच्या दोघांचंही मला अर्धंच पटलंय.

चिंगीवाले, ‘साखर आटोक्यात आल्यावरच’ ही अट घातली तर खरा कुशिंगवाला कधीच तपासला जाणार नाही. बीडकरांचं म्हणणं इथं बरोबर आहे. ७ किलोला १२ म्हणजे किलोमागं १.७ युनिट. दीडच्या वर गेलं की इन्सुलिनला कोण अडवतंय ते शोधायलाच हवं.

पण अडवणारा कुशिंगच असतो असं कुणी सांगितलं? लघवीतलं इन्फेक्शन, किडलेले दात, स्वादुपिंडाची सूज, मंद थायरॉइड, मेलेलं इन्सुलिन. मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर माजानंतरची हार्मोन्ससुद्धा. हे सगळं कुशिंगपेक्षा स्वस्तात तपासून होतं. आणि लघवीचं कल्चर करा, म्हणजे जंतू वाढवून बघतात ती तपासणी, नुसती साधी तपासणी नको. मधुमेहात आणि कुशिंगमध्ये इन्फेक्शन असूनही पू-पेशी दिसत नाहीत कधीकधी.

तहान आणि भूक बाजूला ठेवा, त्यांच्यावरून काही ठरत नाही. मधुमेहात सहसा जे दिसत नाही ते बघा. बीडकरांनी लिहिलेली पातळ कातडी, सुटलेलं पोट, दोन्ही बाजूंनी सारखे गेलेले केस, पोटावर काळे बारीक ठिपके. तसंच मधुमेही जनावर बहुधा वाळत जातं, कुशिंगचं गोल होतं.

तीन प्रश्न. कातडी कशी आहे? कल्चर झालंय का? आणि कुठलंही स्टिरॉइड पोटात, कानात किंवा कातडीवर जातंय का?

चिंगीवाला, लातूर

कुशींचे केस विरळ झालेत, पोट लोंबतंय, हे खरं. मी म्हातारपण समजत होतो. कल्चर नाही झालं. स्टिरॉइड काहीच नाही.

बार्शी नाका, बीड

बघा! केस गेले, पोट लोंबतंय. अजून काय पाहिजे? उद्याच डेक्साची तपासणी करा.

म्हशीचा डॉक्टर, परभणी

तपासणीला माझा विरोध नाही, पण ‘उद्याच’ला आहे. इन्फेक्शन असताना ती केली आणि वर आली, तर कॉर्टिसॉल रोगाचा आहे की तापाचा, कसं सांगणार? ही टेस्ट संवेदनशील आहे, खरा कुशिंग सहसा सोडत नाही, पण आजारी जनावरात खोटाही पकडते. त्यापेक्षा आधी घरी सकाळची लघवी गोळा करा आणि त्यातलं कॉर्टिसॉल-क्रिएटिनिन गुणोत्तर बघा. ते नॉर्मल आलं तर कुशिंग जवळजवळ बाद. वाढलेलं आलं तर मात्र त्यावरून काही सिद्ध होत नाही, पुढं जावं लागतं. दवाखान्याच्या चकरेनंतर दोन दिवस जाऊ द्या, कारण तिथली भीतीसुद्धा लघवीत उतरते.

चिंगीवाला, लातूर

पॉमेरियनची लघवी गोळा करून बघा एकदा. पाय चार बोटांचे. बसली की जमिनीत आणि तिच्यात डाव सरकत नाही. शेवटी आईची तुपाची पळी वाकवून घेतली.

उदगीरची लेक

पळी पुन्हा तुपात जाऊ देऊ नका म्हणजे झालं.

बार्शी नाका, बीड

एक कबूल करतो. सोनोग्राफी आधी केली असती तर आमचा वेळ वाचला असता. मूत्रपिंडाशेजारच्या त्या दोन ग्रंथी, अॅड्रिनल. पिट्युटरीतून, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीतून आलेला कुशिंग असेल तर सहसा दोन्ही फुगतात, आणि बहुतेक कुत्र्यांत तसाच असतो. एकीतच गाठ असेल तर गोष्ट वेगळी, ऑपरेशनचा विचार होतो. आमच्याकडं दोन्ही फुगल्या होत्या.

चिंगीवाला, लातूर

चार दिवसांनी लिहितोय. लाज वाटतेय, पण लिहायला हवं.

काल रात्री लाईट गेली म्हणून जेवण झाल्यावर ओट्यावर गेलो. आई बसलेली, मांडीवर चिंगी उताणी, चारी पाय वर. आईच्या बोटावर पांढरं काहीतरी, पोटावर चोळायलीय. हातात ट्यूब, टूथपेस्टसारखी खालून गुंडाळत आणलेली. मोबाइलच्या उजेडात नाव वाचलं. क्लोबेटासोल.

‘हे कधीपासून?’

‘दिवाळीच्या आधीपासून. खाज सुटती बिचारीला. माझ्या गजकर्णाला दिली होती, मला गुण आला.’

शिवणाचा डबा उघडला. रिकाम्या ट्यूबा, अकरा. आई काही फेकत नाही. आणि चोळून झालं की चिंगी लगेच वळून पोट चाटते, ते काल पहिल्यांदा लक्षात आलं. मधुमेह निघाला दिवाळीनंतर.

मी तुम्हाला ठणकावून ‘काहीच नाही’ लिहिलं होतं.

मोंढा, नांदेड

२०१८ पासून हे स्टिरॉइडचं मलम चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम आहे. देणारे देतात. आमच्या धंद्याची ही घाण आहे, मीच लिहितो. आणि गजकर्णावर ते मुळीच नको, खाज दबते आणि गजकर्ण पसरतं.

बार्शी नाका, बीड

पण एका मलमानं एवढं? माझा नाही विश्वास.

म्हशीचा डॉक्टर, परभणी

७ किलोचं जनावर, पोटाची पातळ कातडी, रोज चोळणं, वर चाटणं. आणि क्लोबेटासोल लावायच्या स्टिरॉइडांतलं सगळ्यांत जहाल. होऊ शकतं. बाहेरून आलेला कुशिंग म्हणतात त्याला, कातडी आणि पोट दिसायला हुबेहूब तसंच. इन्सुलिनलाही तो तसाच अडवतो. मधुमेह त्यानंच आणला की आधीच होऊ घातला होता, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

आता गंमत बघा. अशा कुत्र्यात स्वतःच्या ग्रंथी उलट झोपलेल्या असतात. लघवीतलं कॉर्टिसॉल कमी येईल आणि आपण ‘कुशिंग नाही’ म्हणून मोकळे होऊ. डेक्साच्या टेस्टनंही हा प्रकार ओळखू येत नाही. इथं एसीटीएचची, म्हणजे अॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या हार्मोनची टेस्ट उपयोगाची: इंजेक्शन द्यायचं, तासाभरानं रक्त. कॉर्टिसॉल वर चढलंच नाही, की समजायचं ग्रंथी झोपल्यात. ते इंजेक्शन मेडिकलच्या फडताळात नसतं, डॉक्टरांना मागवून घ्यावं लागेल.

बार्शी नाका, बीड

म्हणजे तपासणी आत्ताच! मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय.

चिंगीवाला, लातूर

तुम्ही डेक्साची म्हणत होता. ती केली असती तर पैसे गेले असते आणि ट्यूब चालूच राहिली असती. मी ‘आधी साखर’ म्हणत होतो, मीही इन्सुलिनच वाढवत बसलो असतो. दोघंही चुकलो, तुम्ही जरा कमी.

बार्शी नाका, बीड

जरा कमी, हे मान्य.

उदगीरची लेक

ट्यूब लगेच बंद केली का? इतके महिने चाललेलं एकदम तोडू नका. ग्रंथी जाग्या व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात उलटी, मलूलपणा, खाणं सोडणं असं काही दिसलं तर थेट दवाखाना. कसं कमी करायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

म्हशीचा डॉक्टर, परभणी

आणि इन्सुलिन! स्टिरॉइडचा अडसर निघत गेला की हेच १२ युनिट जड होणार. डॉक्टरांना आजच सांगा. साखर रोज बघा, कानाच्या कडेतून थेंब घ्या. माणसांचं मशीन कुत्र्यात बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, पण म्हणून कमी आकड्याकडं दुर्लक्ष करू नका. ग्लुकोज पावडर हाताशी ठेवा.

चिंगीवाला, लातूर

नऊ दिवसांनी. बाटली नवीन. कल्चरमध्ये जंतू निघाले, गोळ्या चालू. मलम डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणं कमी होतंय, ट्यूब माझ्या कपाटात कुलपात आहे. एसीटीएचचं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात येणार. इन्सुलिन ८ वर आणलंय. पाणी काल ७०० मिली.

आत्ता सकाळी साखर १४०. इन्सुलिनच्या आधीची. सात महिन्यांत एवढी खाली कधीच नव्हती. डॉक्टरांचा फोन लागेना. ८ देऊ का?

म्हशीचा डॉक्टर, परभणी

पूर्ण ८ देऊ नका. आधी खायला घाला, अर्ध्या तासानं पुन्हा मोजा, आणि डॉक्टरांना फोन लावत राहा. त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुई नको. एखादी वेळ चुकली तर चालेल, साखर पडलेली चालणार नाही. खातेय ना?

चिंगीवाला, लातूर

खाल्लं. फोनही लागला, आता ४ द्या म्हणाले आणि दुपारी पुन्हा मोजा. खाऊन झाल्यावर आईच्या पोळीकडं बघत बसली होती. आई तुकडा मोडतच होती, हात धरला.