वस्तू तीनशेची असली तरी गिफ्ट पेपर धड हवा. पटतंय का?

मंगळवारपेठकर
लग्नसराई तोंडावर आलीय आणि आमच्या घरात वाद पेटलाय, म्हणून इथं मांडते. सासूबाईंचं म्हणणं, गिफ्ट पेपर दोन मिनिटांत फाटतो, त्याला कशाला पैसे घालायचे? माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आपली ऐपत तीनशे-चारशेच्या वस्तूची असते तेव्हाच कागद चांगला लागतो. महागड्या वस्तूला कंपनीचा देखणा खोका असतो. आपल्या स्टीलच्या डब्याला, बेडशीटला, फोटोफ्रेमला तो नसतो. समोरच्याच्या हातात पहिल्यांदा पडतो तो कागदच.

आणि चांगला म्हणजे महाग नव्हे. आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला ऐनवेळी सुट्या शीट उचलल्या की नक्षीचे पैसे मोजावे लागतात. त्यापेक्षा एकरंगी, जाडसर कागद एकदाच घाऊक घ्यावा. मी खाकी रोल आणि गडद लाल कागद, एवढंच घरात ठेवते. बारसं, मुंज, वास्तुशांत, निवृत्तीचा समारंभ, सगळीकडं चालतं. ‘हॅपी बर्थडे’ छापलेला कागद उरला की कपाटात पडून राहतो.

सजावटीला जुन्या इरकली लुगड्याचा काठ. लुगडं मधे विरतं, पण काठ बहुतेक वेळा शाबूत राहतो. दीड-दोन इंचांची पट्टी कापायची, मधोमध एकच वेढा द्यायचा आणि गाठ खालच्या बाजूला घ्यायची. लाल कागदावर तो काळा-पिवळा काठ असा उठून दिसतो की रिबिनीची आठवण होत नाही.

तुमचं काय मत? विरोधात असाल तरी मोकळेपणानं लिहा.

लक्ष्मीपुरी_हिशेब
ताई, मी सासूबाईंच्या बाजूनं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असला हा प्रकार. कागद, डबल टेप, काठ कापायचा वेळ, हे सगळं धरलं तर त्या पैशांत डबा एक नंबर मोठा येतो. घेणाऱ्याला रोज डबा वापरायचा आहे, कागद नाही. आमच्यात सरळ पाकीट देतात, रुपयाचं नाणं चिकटवलेलं. पाचशे एक घाला, नाव लिहा, विषय संपला. लग्नघरात दीडशे खोकी उघडून कचरा भरत बसणाऱ्या पोरींना विचारा एकदा, कागद कसा वाटतो ते.

मंगळवारपेठकर
दादा, पाकिटाला माझा विरोध नाही. लग्नात पाकीटच बरं. पण बारशाला झबलं-टोपडं नेलं, सरांच्या निवृत्तीला पेन नेलं, तर ते काय पिशवीतून काढून तसंच हातात ठेवायचं? डब्याचा हिशेबही मला पटत नाही. घाऊक घेतलेला साधा कागद एका वस्तूला चहाच्या कपाइतक्या पैशांत बसतो. तेवढ्यात डबा मोठा होत नाही.

छापखानेवाला
मी बरीच वर्षं छापखान्यात कागद हाताळतोय, म्हणून कागदापुरतं बोलतो. नुसतं चाचपून जाडी कळत नाही, चकाकीचा थर असला की पातळ कागदही भरीव वाटतो. दुकानात जीएसएम विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ७५चा असतो. गिफ्टला ७० ते ९० पुरे. ५०च्या कागदातून खोक्यावरची छपाई दिसते आणि कोपरे फाडून बाहेर येतात. १२०च्या वर गेलात तर घडी नीट बसत नाही, टेप उसळते आणि छापील कागद असेल तर घडीवर रंग उडून पांढरी रेघ उमटते.

दुकानदाराला जीएसएम सांगता आला नाही तर काट्यावर टाका. २० बाय ३० इंचांच्या दहा शीट ८० जीएसएमच्या असतील तर साधारण ३१० ग्रॅम भरतात. २०० भरल्या तर समजा, ५०च्या आसपासचा माल गळ्यात मारलाय.

अजून एक. कागद म्हणून जे चमचमतं ते पुष्कळदा प्लॅस्टिकची फिल्म असते. एक तुकडा मुठीत चुरगळा. मूठ उघडल्यावर तसाच चुरगळलेला राहिला तर कागद, फुलून उलगडला तर फिल्म. ती रद्दीत जात नाही.

पावसाळी_बावडेकर
फिल्मला एवढं बोलू नका ओ. कोल्हापुरात राहता की राजस्थानात? जुलैमध्ये दुचाकीवरनं कसबा बावड्यातून राजारामपुरीत जाईपर्यंत तुमच्या खाकी कागदाचा लगदा होतोय. लाल कागद तर असला रंग सोडतो की आतल्या पांढऱ्या झबल्याचं वाटोळं. फिल्मवर पाणी पडलं की पुसायचं आणि आत जायचं. लई भारी दिसत नसंल, पण वस्तू कोरडी पोचते. आमचा सगळा पावसाळा फिल्मवरच निघतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

छापखानेवाला
पाऊस वाटेत लागतो, मांडवात नाही. वस्तू पारदर्शक पिशवीत घालून न्या, दारात पिशवी काढा, घडी करून खिशात ठेवा. तीच पिशवी पुढच्या वेळेला चालते. फिल्म एकदा फाटली की संपली. रंगाचं मात्र तुमचं खरं आहे. स्वस्त गडद कागदावर ओलं बोट घासून बघायचं, बोट रंगलं तर घ्यायचाच नाही.

ओटीचा_खण
तुम्ही सगळे कागदातच अडकलात. कापड का नको? ब्लाऊजपीस आपल्या प्रत्येकीच्या कपाटात गठ्ठ्यानं पडलेत. हळदीकुंकवात आले, ओटीत आले, पुढं कुणाला तरी द्यायचेच असतात. तोच वेष्टन म्हणून वापरा. चौकोनी कापड तिरकं पसरायचं, वस्तू मधोमध ठेवायची, समोरासमोरची दोन टोकं वरून आत दुमडायची आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ मारायची. कापडाच्या कर्णाच्या साधारण एक तृतीयांश लांबीची वस्तू छान बसते. म्हणजे ८० सेंटीमीटरच्या चौरसात फूटभर लांबीचा डबा आरामात. ना टेप, ना कात्री, ना कचरा. खणाचं कापड असेल तर बघायलाच नको. घेणारी बाई ते जपून ठेवते, पुढं शिवते. खर्च म्हणाल तर घरातलंच आहे. कागदवाल्यांनी याला उत्तर द्यावं.

लक्ष्मीपुरी_हिशेब
हे मात्र पटलं. वेष्टन हीच वस्तू असेल तर पैसा वाया जात नाही.

मंगळवारपेठकर
घरच्या बायकांना द्यायला कापडाइतकं सुंदर काही नाही, मान्य. पण ऑफिसातल्या साहेबांना ब्लाऊजपीसमध्ये घड्याळ बांधून द्यायला मला अवघड वाटतं. बरं, सगळ्यांचेच ब्लाऊजपीस जपून शिवले जात नाहीत. तेच गठ्ठ्यानं पडलेले तुम्ही वर सांगितलेत ना?

ओटीचा_खण
साहेबांना साधा पांढरा पंचा घ्या. बाईमाणसापुरतंच कापड हे तुमच्या मनात आहे, कापडात नाही.

पावसाळी_बावडेकर
आणि वर्तमानपत्राचं काय? हल्ली शहरातली पोरं हौसेनं पेपरात बांधून देत्यात, पर्यावरण म्हणून.

छापखानेवाला
वर्तमानपत्राचा कागद ४५ जीएसएमच्या आसपासचा. कोपऱ्यावर फाटणारच, आणि शाई हाताला लागते ती वेगळी. एका साखरपुड्यात टेबलावर असं पुडकं पाहिलं होतं, वरच्याच बाजूला निधनवार्ता आणि फोटो. देणाऱ्याच्या मनात काही नसेल, पण मुलीच्या आजीनं ते उचलून पालथं ठेवलं. वापरायचंच असेल तर पान बघून तरी घ्या. त्यापेक्षा पतसंस्थेचं, कारखान्याचं मोठं कॅलेंडर बरं. जाड, गुळगुळीत आणि मागची बाजू कोरी असेल तर तीच वर घ्यायची.

उजळाईवाडी_नवीन
मला वादात पडायचं नाही, एक अडचण आहे. बहिणीसाठी कोल्हापुरी चप्पल आणि गुळाची छोटी ढेप पुण्याला न्यायचीय. मागच्या वेळेला दोन्हींचे डाग कागदावर आले होते. आणि मोजमाप कसं घेता? माझा कागद नेहमी एक बोट कमी पडतो.

मंगळवारपेठकर
चपलेच्या कातड्याचं तेल कागदात उतरतं आणि गूळ हवेतली ओल ओढून पाझरतो. दोन्ही आधी बटर पेपरमध्ये गुंडाळा. गुळाला तर दोन थर द्या आणि झाकण बसणारा डबा घ्या, त्यावर गिफ्ट पेपर. एकाच खोक्यात दोन्ही ठेवू नका, गुळाला चामड्याचा वास लागतो.

मोजमाप खोक्यावरूनच घ्या. समजा मिठाईचा खोका १० बाय ८ बाय २ इंचांचा आहे. कागदाची एक बाजू खोक्याला पूर्ण वेढा घेऊन इंचभर एकावर एक यायला हवी. आठ अधिक दोन, त्याची दुप्पट वीस, वर एक, झाले २१ इंच. दुसऱ्या बाजूला खोक्याची लांबी आणि दोन्ही टोकांना उंचीचा पाऊण भाग, म्हणजे १० अधिक ३, १३ इंच. २० बाय ३०च्या शीटमधून एवढं कापलं की ७ इंच रुंदीची तीस इंच लांब पट्टी उरते. तिचा वरून आडवा पट्टा घ्या, नावाची चिठ्ठी करा. टोकाला जास्त कागद सोडू नका. तिथंच तो गोळा होतो आणि सगळं ओबडधोबड दिसतं. प्रत्येक घडीवर नख दाबून फिरवा.

लक्ष्मीपुरी_हिशेब
एवढं गणित करायला दिवाळीच्या गडबडीत कुणाला सवड आहे? दुकानात फुकट बांधून देतात की.

मंगळवारपेठकर
फुकट बांधतात, पण त्यांच्या स्टिकरसकट आणि बोटभर टेप ठिकठिकाणी मारून. मागच्या वर्षी एका दुकानात घेतलेल्या फ्रेमचा कागद सोडवताना पुठ्ठाच सोलून आला. दादा, तुम्हाला सवड नसेल तर पाकीट द्या, मी कधीच नावं ठेवणार नाही. माझा मुद्दा वस्तू देणाऱ्यांपुरता आहे. ती देताना मान खाली जायला नको, आणि त्यासाठी कर्जही काढायला लागू नये.

उजळाईवाडी_नवीन
आणि गोल वस्तू? स्टीलचा डबा आहे, खोका नाही.

मंगळवारपेठकर
अंगाला कागदाचा एक वेढा द्या आणि खाली-वर डब्याच्या त्रिज्येपेक्षा थोडा जास्त कागद सोडा. मग साडीच्या निऱ्यांसारख्या एकाच दिशेनं छोट्या चुण्या घालत मध्याकडं या, शेवटच्या चुणीला डबल टेप. मध्यावर छोटा गोल कागद चिकटवला की चुण्यांची टोकं झाकतात. ७० जीएसएमचा खाकी कागद याला उत्तम, लाल थोडा ताठ पडतो. झाकण आधी टेपनं बंद करायला विसरू नका, नाहीतर चुण्या घालताना ते फिरतं.