‘आधी ऐका, प्रश्न नंतर’ म्हणे!

तिसवाडीकर: ‘लढाई चालू असताना सरकार सांगेल तेवढंच ऐकावं, प्रश्न नंतर’ ही कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. नंतर म्हणजे कधी? 27 फेब्रुवारी 2019 ला बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं, हवाई दलाचे 6 जण गेले. ‘मोठी चूक’ हे हवाई दल प्रमुखांच्या तोंडून यायला ऑक्टोबर उजाडला. मध्ये लोकसभा निवडणूकही उरकली. ऑपरेशन सिंदूरमध्ये आपली विमानं पडल्याची कबुली 31 मे 2025 ची, तीही सिंगापुरात, विदेशी वाहिनीला. कारगिलमध्ये 27 मे 1999 ला दोन विमानं गेली, त्याच दिवशी सांगितलं. हरलो का?

आल्तिनो: कारगिलला आपला वैमानिक शत्रूच्या हाती होता, लपवणार काय? विमान कुठे आणि कशाने पडलं हे सांगितलं की समोरच्याला आपला नेम बरोबर होता की नाही ते फुकटात कळतं. 26/11 ला वाहिन्यांनी कमांडो थेट दाखवले आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच बघून आत फोनवर सूचना देत होते. म्हणूनच केबल नियमांत आलं की दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याचं अधूनमधून निवेदन, बस्स.

तिसवाडीकर: थेट प्रक्षेपण वेगळं, नुकसान दडवणं वेगळं. दोन निवेदनांमधली रात्र रिकामी ठेवली की काय होतं ते सिंदूरच्या वेळी 8 मे ला दिसलं, वाहिन्यांनी स्टुडिओत बसून कराची बंदर बेचिराख केलं! वर सायरन वाजवत बसले. शेवटी नागरी संरक्षणवाल्यांना सांगावं लागलं, तो आवाज वापरू नका, खरा भोंगा झाला तर लोक हलणार नाहीत.

जुनी लहर: गोव्यात बसून भांडताय आणि 1961 ची गोवा मुक्ती कुणाला आठवत नाही? वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 25 नोव्हेंबर 1955 पासून आधी आंबोलीच्या रानातून, मग कॅसलरॉकहून पोर्तुगीज राजवटीविरुद्ध गुप्त रेडिओ चालवला. पोर्तुगीज आणि कोंकणीतून. 18 डिसेंबर 1961 ला आपल्या हंटर विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीजांचं बिनतारी केंद्र उडवलं आणि लिस्बनशी संपर्क तुटला.

आल्तिनो: तुटला नाही हो! आफोंसो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज युद्धजहाजावरून संदेश जातच होते, दोनापावलाकडे ते किनाऱ्याला लागेपर्यंत. आणि तो रेडिओ स्वातंत्र्यसैनिकांचा, सरकारचा नव्हे. विषय काय, चाललंय काय?

जुनी लहर: विषय हाच! पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने आधीच कळवून टाकलं होतं, सैनिक एकतर विजयी, नाहीतर मृत. मग गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाने 19 ला शरणागती पत्करली, तर 1963 मध्ये त्यालाच सैन्यातून हाकललं. आधी फुशारकी मारून ठेवली की खरं वागणारा गुन्हेगार ठरतो. जहाजाचं म्हणणं बरोबर, तुमचाच शब्द खरा.

आल्तिनो: मोठे उपकार! बरं, बडगामचे सात महिने जास्तच झाले. पण मग किती तासांत सांगायचं, तेही लिहा, दिल्लीला पाठवून देतो.

तिसवाडीकर: तास कसले मोजता बाब? आधी घरच्यांना निरोप, मग वैमानिकाचा शोध, आणि तो लागला की ‘विमान गेलं’ एवढे दोन शब्द. आकडा, ठिकाण, क्षेपणास्त्र राहू दे तुमच्या तिजोरीत.

जुनी लहर: जहाजावरच्या संदेशांचा वेगळा धागा काढतो.

आल्तिनो: काढा, पण इथे नको!