वॉरंटी संपल्यावर गाडी कुठे न्यायची?

घाटवाटा: परवा इथेच एकाने ठणकावून लिहिलं, की वॉरंटी संपली तरी गाडी कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला न्यावी, 'गल्लीतल्या गॅरेजवाल्याच्या हाती देणं म्हणजे गाडीची वाट लावणं'. खाली सगळ्यांनी री ओढली. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष झालं की करायच्या सर्व्हिसमध्ये असतं काय? इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड बघणं, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी, टायरची अदलाबदल. आयुष्यभर हात काळे केलेल्या मेकॅनिकला यातलं काय येत नाही? उलट सेंटरच्या बिलात थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, इंजिन ड्रेसिंग. ड्रेसिंग म्हणजे बॉनेटखालच्या प्लास्टिकला चकाकी यावी म्हणून मारलेला फवारा. त्याचे पैसे वर जीएसटीसह.

माझा मेकॅनिक नाना पेठेतून आणलेल्या ऑइलच्या डब्याचं सील माझ्यासमोर तोडतो. जुनं ऑइल ट्रेमध्ये उतरलं की बोटावर घेऊन चोळतो, कचकच लागते का बघतो. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. सेंटरमध्ये गाडी काचेपलीकडे जाते आणि आपण कॉफी पीत बसतो. ऑइल बदललं की नुसतं वर भरलं, कुणाला ठाऊक?

सीमा_स: दादा, तुमचा मेकॅनिक तुमच्यासाठी देवमाणूस असेल. मी एकटी गॅरेजला गेले की पहिलं वाक्य ठरलेलं: 'साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो.' गाडी माझी, हप्ते माझे, चालवते मी. सेंटरमध्ये जॉब कार्ड बनतं, खर्चाचा अंदाज लेखी मिळतो, जादा कामाला आधी फोन येतो. नको म्हटलं की विषय संपला. गॅरेजमध्ये 'ताई, हे पण करून टाकलं' असं नंतर कळतं. क्लच बदलून घेतला आणि महिन्यात पुन्हा घसरायला लागला, तर उत्तर काय? 'गाडीच जुनी आहे.' बिल नाही, भांडायचं कशाच्या जोरावर?

डिझेलवाला: घाटवाटा यांची गाडी पेट्रोल दिसते, म्हणून एवढा आत्मविश्वास. एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे कडक निकष आले, आता डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला जळल्यावर कमी राख सोडणारं इंजिन ऑइल लागतं, नाहीतर तो चोंदतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत अशाच एका 'अनुभवी' मेकॅनिकने हाताला लागलं ते ऑइल ओतलं. काही महिन्यांत डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागायला लागला, आणि एकदा कसारा घाटात गाडीने पिकअप सोडला. मागे ट्रकांची रांग, गाडीत लहान मुलं. सेंटरवाल्याने डीपीएफ बदलायचा आकडा सांगितला तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचवले होते किती? हजार-दीड हजार.

घाटवाटा: एका अडाण्यावरून सगळ्या गॅरेजवाल्यांना झोडपू नका. आणि डीपीएफ चोंदायला शहरातल्या शहरात हळूहळू चालवलेली गाडीसुद्धा पुरते, त्याचं खापर ऑइलवरच का?

कलम_पोटकलम: एक गैरसमज दूर करतो. 'बाहेर काम केलंत तर वॉरंटी रद्द' ही धमकी सरसकट चालत नाही. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हते. बाहेर काम केलं एवढ्यावरून पूर्ण वॉरंटी नाकारू नका, असंही बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगाचं म्हणणं लक्षात ठेवा.

डिझेलवाला: आदेश घेऊन काउंटरवर उभे राहा, काय होतं ते कळवा.

जुनी_स्विफ्ट: ऑइलवर कसले भांडताय, टाकीत काय पडतंय ते बघा! माझी गाडी २०१६ची. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून ॲव्हरेज पडलं, फ्युएल पाइप मऊ पडून बदलावा लागला. जुन्या गाड्यांचं मायलेज ६ ते ७ टक्के घटू शकतं, हे २०२१ मध्ये नीती आयोगाच्याच अहवालात होतं. दर मात्र एक पैशाने कमी नाही, आणि इथेनॉल नसलेलं साधं पेट्रोल मागायची सोय नाही. आता सेंटरला न्या की गॅरेजला, काय फरक पडतो?

ऊसकरी: आलं, सगळं खापर इथेनॉलवर. रबराचा पाइप इतक्या वर्षांत पेट्रोलनेही जातो. कायद्याने १४ दिवसांत द्यायची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, आम्ही महिनोन्‌महिने वाट बघून घेतलीय. बहिणीच्या लग्नाला बिल आलं नाही म्हणून वडील सावकाराच्या दारात उभे राहिले, ते मी पाहिलंय. कारखान्याला उसापासून केलेल्या इथेनॉलचा पैसा यायला लागला तेव्हा कुठे हात मोकळा झाला.

जुनी_स्विफ्ट: तुमचं बिल माझ्या टाकीतून का वसूल व्हावं? साखर कारखाने कुणाचे, ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

ऊसकरी: कारखाना नेत्याचा असेल, ऊस माझा आहे. आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली तेव्हा तुमच्यातलं कुणी आमच्यासाठी बोललं? आता तर मक्याचं इथेनॉल जास्त. शिव्या मात्र उसाला. शहरात बसून आम्हाला शिकवू नका.

जुनी_स्विफ्ट: शिकवत नाही, पंपावर पूर्ण पैसे मोजतो म्हणून विचारतोय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. तेवढा दर कमी करा, मी एक शब्द बोलणार नाही.

ऊसकरी: दराचं म्हणणं रास्त आहे. ते तेल कंपन्यांना विचारा, शेतकऱ्याला नको.

सीमा_स: धागा सर्व्हिसिंगचा आहे. घाटवाटा, लेखी कागदाचं काय? त्यावर तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.

घाटवाटा: ठीक आहे, तेवढं मान्य. माझ्या मेकॅनिककडे बिल मिळत नाही, आणि गाडी विकताना सर्व्हिस रेकॉर्ड मागतात हेही खरं. यापुढे काय काय केलं ते सहीनिशी लिहून मागतो. 'साहेबांना पाठवा' म्हणणाऱ्याकडे तुम्ही जाऊच नये, त्यात दुमत नाही. पण ड्रेसिंगचे पैसे मी मेलो तरी देणार नाही.

डिझेलवाला: लिहून घेणारच आहात तर ऑइलचा ग्रेडही लिहायला लावा. नुसतं 'फुल सिंथेटिक' नको, गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा आणि जे अक्षर छापलंय तेच डब्यावर असलं पाहिजे.