मुलीला घरीच शिकवावे का, आणि कामाच्या दिवसात ते बसवावे कसे?

प्रश्न : मिरजेची आई

नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या दिवाळीपासून रोज सकाळी रिक्षा येण्याच्या वेळी तिचे पोट दुखू लागते आणि रविवारी मात्र ते अजिबात दुखत नाही. डॉक्टरांना दोनदा दाखवले, त्यांना काहीही आढळले नाही. हीच मुलगी दुपारी आजोबांच्या शेजारी बसून 'किशोर'चे जुने अंक तासभर वाचते आणि त्यातली कोडी सोडवून मला घालते. पण 'परिसरातील पाण्याचे स्रोत कोणते?' याचे उत्तर तिला इंग्रजीत शब्दन् शब्द पाठ असते आणि त्याचा अर्थ विचारला की ती गप्प होते.

त्यामुळे पुढच्या वर्षी तिला शाळेतून काढून घरी शिकवावे, असा विचार माझ्या मनात पक्का होत चालला आहे. यजमानांची नोकरी पाळ्यांची आहे. मी एका सीएंच्या कार्यालयाचे जीएसटी विवरणपत्रांचे काम घरून करते, म्हणजे दर महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख जवळ आली की चार-पाच दिवस मला मान वर करायला सवड नसते. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत आणि नातीवर त्यांचा फार जीव आहे. सासूबाईंचे म्हणणे मात्र स्पष्ट आहे : "शाळेत न जाणाऱ्या पोरीला उद्या लोक काय म्हणतील, आणि तिला मैत्रिणी कुठून मिळतील?" हे त्या रागाने म्हणत नाहीत, काळजीने म्हणतात, म्हणून तो प्रश्न मलाही टाळता येत नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी आपला दिवस नेमका कसा जातो ते सांगावे. अभ्यासक्रमाची मला तितकी चिंता वाटत नाही. दाखला, पुढे दहावी, आणि माझे काम सांभाळून हे जमेल का, याची वाटते.

उत्तर १ : पुण्याहून, दोन मुलांची आई

ताई, आमच्याकडे थोरला चौदा वर्षांचा आणि धाकटी दहा वर्षांची आहे आणि घरी शिकण्याचे हे नववे वर्ष चालू आहे. तुम्ही दिवसाबद्दल विचारले हे फार बरे केले, कारण लोक पुस्तकांबद्दल विचारतात आणि पुस्तके हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात.

पहिल्या वर्षी मी घरात शाळाच उभी केली होती. भिंतीवर वेळापत्रक, पस्तीस मिनिटांच्या तासिका, मधली सुट्टी, इतकेच काय, सकाळची प्रार्थनासुद्धा. दिवाळी येईपर्यंत मुलगा माझ्यावर चिडू लागला होता आणि मी त्याच्यावर. त्याला शाळा आवडत नव्हती म्हणून घरी आणले आणि आई मात्र गमावली, असे त्याला वाटत असावे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. मग पुढचे तीन महिने मी काहीच शिकवले नाही, फक्त रात्री मोठ्याने वाचून दाखवले. जानेवारीत एके दिवशी तिळाच्या वड्या थापताना त्याने ताटातल्या वड्या आडव्या ओळींत आणि उभ्या ओळींत मोजल्या आणि "आई, सहा आठे अठ्ठेचाळीस, पण कडेच्या अर्ध्या आहेत, त्या दोन मिळून एक धरायची ना?" असे विचारले. अपूर्णांकांचा पाठ मी त्या ताटावरून सुरू केला.

आज आमचा अभ्यास सकाळी साडेआठ ते साडेदहा एवढाच असतो : गणित, एका भाषेतले लेखन आणि थोडे वाचन. नंतरचा वेळ मुलांचा असतो, मात्र तो त्यांचा असला तरी घरात एक मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे लागते, आणि खरी किंमत तिथे मोजावी लागते. दुपारी दोन वाजता चिमण्या मातीत अंघोळ का करतात, हे विचारायला मूल येते तेव्हा "थांब, फोनवर आहे" हे उत्तर दिवसातून दहा वेळा मिळाले तर ते विचारायचे सोडून देते. हा अनुभव मी घेतलेला आहे. मी नोकरी सोडली. एका पगारात पुण्यात राहणे सोपे नाही, आणि नऊ वर्षांनी माझ्या क्षेत्रात परत जाणे जवळपास अशक्य झाले आहे. मला त्याचा पश्चात्ताप नाही, पण तुम्ही नोकरी सोडू नये असे मला मनापासून वाटते, कारण घरात आजोबा आहेत. त्यांना 'मदतीला' धरू नका. आठवड्यातले ठरावीक तास त्यांचे म्हणून द्या, आणि ११ व २० तारखांच्या आधीचे दिवस पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा.

एक वही मात्र रोज लिहा : आज काय वाचले, काय मोजले, कुठे गेलो. आम्ही आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, दुसऱ्या शनिवारची व्याख्याने ऐकायला गेलो, त्या दिवसाच्या नोंदीत मुलाने काढलेले शनीच्या कड्यांचे चित्र आहे. नातेवाईक विचारतात तेव्हा मी काही बोलत नाही, ही वही पुढे करते.

उत्तर २ : दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार

मी दुसरी बाजू मांडतो, कारण आम्ही हे तीन वर्षे केले आणि मग मुलीला पुन्हा शाळेत घातले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती पहिलीत होती. शाळा सुरू झाल्यावरही आम्ही तिला घरीच ठेवले, कारण त्या काळात ती बागेत जे शिकली ते पाहून आम्ही दोघेही भारावून गेलो होतो. घड काढणीला आला की नाही हे पाहायला आम्ही मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून गोडी मोजतो. ती तो उजेडाकडे धरून आकडा वाचायची आणि कोणत्या ओळीत सोळा, कोणत्या ओळीत अठरा, हे वहीत लिहून ठेवायची. फवारणीच्या जवळ तिला कधी येऊ दिले नाही, पण ओसरीवर बसून हिशोब तीच करायची : लिटरला दीड ग्रॅम, टाकी सहाशे लिटरची, म्हणजे नऊशे ग्रॅम. दशांश चिन्ह तिला असे आले की पुढे पाचवीत गुरुजींना आश्चर्य वाटले.

अडचण दुसरीकडेच होती. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, त्यानंतर डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), विरळणी. या दिवसांत आमच्या घरातले कोणीही सकाळी सहा ते रात्री आठ मोकळे नसते. वर्षातले चार-साडेचार महिने मुलगी शेडमध्ये मजुरांच्या लहान पोरांना सांभाळत बसलेली असायची. आम्ही त्याला शिक्षण म्हणत होतो. ते काही अंशी होतेही, पण सलग काही वाचून समजून घ्यायला तिच्याजवळ बसणारे कोणी नव्हते, हे मान्य करायला मला दोन हंगाम लागले.

शिवाय वस्तीवर सकाळी दहानंतर एकही मूल दिसत नाही. जुलैच्या एका सकाळी चुलत बहीण दप्तर घेऊन निघाली तेव्हा आमची मुलगी बांधापर्यंत तिच्याबरोबर गेली आणि परत येऊन म्हणाली, "दादा, मला पण जायचंय, नुसतं बघायला." दुसऱ्या दिवशी मी तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन गेलो. वयानुसार तिला थेट पाचवीत प्रवेश मिळाला. तिचे इंग्रजी मागे होते, ते वर्षभरात भरून आले. ताई, तुमच्या मिरजेच्या गल्लीत दुपारी मुले किती असतात, ते आधी पाहा.

उत्तर ३ : निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा

कागदपत्रांबद्दल मी सांगू शकतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, मात्र तसे न करणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा करणारे कलम नाही, आणि घरी शिकवण्याला स्वतंत्र मान्यता देणारी तरतूदही नाही. त्यामुळे सर्वेक्षणात तुमची मुलगी 'शाळाबाह्य' म्हणून नोंदली जाऊ शकते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात असे सर्वेक्षण झाले होते आणि नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला आम्ही शाई लावली होती. उद्या असे कोणी दारात आले तर त्यांच्याशी वाद घालू नका, वर ताईंनी सांगितलेली वही दाखवा. तो शिक्षकही आपले कामच करत असतो.

शाळा सोडल्याचा दाखला अत्यंत जपून ठेवा. मुलीला पुढे शाळेत घातलेच नाही तर तिचे नाव, जन्मतारीख आणि जात यांची शालेय नोंद या एकाच शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असेल, आणि जातीचा दाखला, पडताळणी, अधिवास यांसाठी तीच नोंद मागितली जाईल. घेण्यापूर्वी प्रत्येक अक्षर तपासा, कारण नंतरच्या दुरुस्तीला वर्ष जाते. दाखला दिल्यावर शाळा यू-डायसच्या, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतून मुलाचे नाव मोकळे करते आणि ते 'ड्रॉप बॉक्स'मध्ये राहते. पुढे कोणत्याही शाळेत प्रवेश घेताना ते तिथूनच उचलले जाते, म्हणून त्या नोंदीतला मुलीचा क्रमांक लिहून ठेवा.

दहावीसाठी दोन रस्ते आहेत. एक आपल्या राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षा देण्याचा, ज्याला सगळे १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. त्याला मूळ दाखला जोडावा लागतो, म्हणून त्याच्या साक्षांकित प्रती आधी काढून ठेवा. दुसरा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिथे माध्यमिकसाठी किमान वय चौदा आहे, मराठी माध्यम आहे, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत विषय सवडीने पूर्ण करता येतात. मात्र काही दारे बंद होतात हेही माहीत असावे : नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले असणे आवश्यक आहे, आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो.

आता न विचारलेले एक सांगतो, राग मानू नये. रविवारी न दुखणारे पोट मी नोकरीत असताना पुष्कळ मुलांमध्ये पाहिले आहे. कधी शेजारच्या बाकावरचे मूल चिमटे काढत असते, कधी बाई डबा उघडा ठेवायला सांगतात, कधी स्वच्छतागृहाला कडी नसते. दाखला मागण्याआधी वर्गशिक्षिकांना भेटा आणि मुलीला आजोबांसमोर, निवांतपणे, दिवसातला कोणता तास नको वाटतो ते विचारा. कारण कळल्यानंतरही घरी शिकवायचे ठरले तर अवश्य शिकवा, फक्त ते दुखणे बरोबर घरी आणू नका.

उत्तर ४ : घरी शिकलेली, आता एकोणीस वर्षांची

मी तिसरीनंतर शाळेत गेले नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी मी मराठी, इंग्रजी, गणित, गृहविज्ञान आणि चित्रकला असे पाच विषय घेऊन दोन सत्रांत दिली. अभ्यास जड गेला नाही, हात जड गेला. तीन तास सलग लिहायची सवय नसल्यामुळे पहिल्या पेपरला दीड तासानंतर माझी बोटे आखडली आणि येत असलेली दोन उत्तरे राहून गेली. काकू, मुलीकडून आठवड्यातून एकदा तरी दोन पाने हाताने लिहून घ्या.

मैत्रिणींबद्दल आजींची काळजी खरी आहे. माझ्या मैत्रिणी संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर मिळाल्या, कारण आईने पाऊस असो वा पाहुणे, साडेपाचची ती वेळ कधीही चुकवली नाही. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये मात्र मला उतरता येत नव्हते. संघाचा खेळ चालू असताना मी कडेला बसून गुण मोजायचे आणि ते मला फार लागायचे. लग्नकार्यात "कुठल्या शाळेत?" हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर आई-बाबांनी माझ्याकडून देववून घेतले नाही, स्वतः पुढे होऊन दिले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मूळ प्रश्नकर्ती : मिरजेची आई

सर्वांचे मनापासून आभार. सर, राग मुळीच आला नाही. काल संध्याकाळी मामंजींनी तिला गच्चीवर नेऊन, तुम्ही म्हणालात तसे विचारले. तिला मधल्या सुट्टीनंतरचा तास नको वाटतो. त्या तासाला पाठांतर उभे राहून म्हणावे लागते आणि जिचे चुकते तिने तास संपेपर्यंत बसायचे नसते. हे मला पाच महिने कळले नाही, याचे फार वाईट वाटते. शुक्रवारी मी वर्गशिक्षिकांची आणि मुख्याध्यापिकांची वेळ घेतली आहे.

वार्षिक परीक्षेपर्यंत शाळा चालू ठेवू. एप्रिल-मे हे दोन महिने सकाळी दोन तास घरी बसून पाहू, त्यात दोन्ही महिन्यांच्या माझ्या तारखा येतील, तेवढ्या दिवसांचे तास मामंजींनी आत्ताच आपल्या डायरीत लिहून घेतले आहेत. सासूबाईंनी साडेपाचच्या मैदानाची चौकशी स्वतः केली. मुलींचा खो-खो आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर चालतो आणि तिला सोडायला त्याच जाणार आहेत.

खो-खो खेळलेल्या ताईंना एक विचारायचे आहे : आठव्या वर्षी सुरू केले तर चालते ना, की उशीर झाला?