वसील्याने केलेली दुआ: अकीद्याचा (श्रद्धेचा) प्रश्न की फिकहचा (आचरणाच्या नियमांचा)?

प्रश्न

अस्सलामु अलैकुम. ‘या अल्लाह, तुझ्या नबींच्या वसील्याने (माध्यमाने) माझी दुआ कबूल कर’ असे म्हणावे की नाही, याविषयी जितके वाचतो आहे तितका गोंधळ वाढतो आहे. एक आलिम (धर्मपंडित) ते जाइज (परवानगी असलेले) ठरवतात, दुसरे त्याला बिदअत (धर्मात नव्याने आणलेली गोष्ट) म्हणतात आणि तिसरे थेट शिर्कचे (अल्लाहबरोबर दुसऱ्याला भागीदार मानण्याचे) नाव घेतात. आधार मात्र तिघेही कुरआन आणि हदीसचाच (नबींच्या उक्ती-कृतींच्या वृत्तांतांचाच) देतात. हा केवळ दुआच्या शब्दांचा प्रश्न असता तर मी एक मत धरून चाललो असतो, पण अकीद्याची गोष्ट निघाली की मनाला स्वस्थता राहत नाही. ज्याला अरबी येत नाही, अशा माणसाने या मतांची पारख कशी करावी?

पहिले उत्तर

वालैकुम अस्सलाम. मते कोणाची आहेत हे पाहण्याआधी ती नेमकी कशाविषयी आहेत ते पाहावे. अल्लाहच्या नावांचा वसीला घेणे (सूरह आराफ, आयत 180), स्वतःच्या नेक कामाचा हवाला देणे आणि हयात असलेल्या नेक माणसाला आपल्यासाठी दुआ करायला सांगणे, या गोष्टींवर उलमांमध्ये वाद नाही. गुहेत अडकलेल्या तिघांनी आपापले एकेक नेक काम अल्लाहपुढे मांडले आणि दर वेळी शिळा थोडी थोडी सरकत गेली, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. याउलट, कबरीतल्या बुजुर्गांनाच हाक मारून त्यांच्याकडे संतती किंवा शिफा मागणे ही अगदी निराळी गोष्ट आहे, आणि सूरह जिन्नची आयत 18 अल्लाहबरोबर दुसऱ्या कोणालाही पुकारू नका असे स्पष्ट सांगते. तुम्ही लिहिलेले वाक्य या दोहोंच्या मधले आहे: त्यात मागणे अल्लाहकडेच आहे, फक्त नबींच्या दर्जाचा हवाला दिलेला आहे. शिर्कचा इशारा देणारे आलिम बहुतेक वेळा मृतांना हाक मारण्याविषयी बोलत असतात, आणि ऐकणारा तो इशारा या मधल्या वाक्यालाही लावून मोकळा होतो.

दुसरे उत्तर

वरील मांडणी मला मान्य आहे; मात्र मधल्या प्रकारातही दोन्ही बाजूंच्या दलीली समजून घेतल्याशिवाय मन निश्चिंत होणार नाही. हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांची तिर्मिजी या हदीससंग्रहातील हदीस घ्या. एक अंध सहाबी (नबींचे सोबती) नबींकडे (स.) दृष्टीसाठी दुआ मागायला आले. नबींनी (स.) त्यांना सब्र करणे अधिक चांगले असल्याचे सांगितले, तरी त्यांनी दुआचाच आग्रह धरला, तेव्हा नीट वुजू करून एक दुआ म्हणायला शिकवली. त्या दुआत ‘तुझ्या नबींच्या माध्यमातून मी तुझ्याकडे वळतो’ असे शब्द आहेत आणि शेवटी ‘त्यांची शिफारस माझ्या बाबतीत कबूल कर’ असेही आहे. परवानगी देणारे पहिल्या शब्दांवर बोट ठेवतात. मनाई करणारे शेवटच्या वाक्याकडे लक्ष वेधतात आणि म्हणतात की येथे वसीला होता तो नबींनी (स.) हयातीत केलेल्या दुआचा. हजरत उमर (रजि.) यांनी दुष्काळात नबींचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना पुढे करून पाऊस मागितला, ही बुखारीतील हदीसही अशीच दोन्ही बाजूंनी वाचली जाते. नबींच्या (स.) वफातनंतर (निधनानंतर) त्यांचाच वसीला चालत असता तर हजरत अब्बास यांची गरज का पडावी, असे एक बाजू विचारते; एखादी गोष्ट न करणे म्हणजे तिची मनाई नव्हे, असे दुसरी बाजू उत्तर देते. माझा स्वतःचा कल मनाईच्या बाजूला आहे. तरीही दुसरी बाजू निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता

आता बरेच स्पष्ट झाले. एक अडचण उरते. माझे वडील याच शब्दांत दुआ करतात. मी आमीन म्हणू की गप्प राहू?

तिसरे उत्तर

निःशंकपणे आमीन म्हणा. ज्या आलिमांची नावे या वादात ढालीसारखी पुढे केली जातात, त्यांनी स्वतः या मतभेदाला कोणती पायरी दिली होती, हेही पाहायला हवे. इमाम अहमद यांच्याकडून नबींच्या (स.) वसील्याला परवानगी नकल झालेली आहे, तर इमाम अबू हनीफा यांच्याकडून ‘अमक्याच्या हक्काने’ असे म्हणणे मकरूह (नापसंत) असल्याचे. इब्न तैमिया (निधन 1328) यांनी मनाईच्या बाजूने सविस्तर लिहिले, आणि तकीउद्दीन सुबकी (निधन 1355) यांनी त्यांना उत्तर दिले. ज्यांची तौहीदबाबतची (अल्लाहच्या एकत्वाबाबतची) कठोरता सर्वांना ठाऊक आहे, त्या मुहम्मद बिन अब्दुल वहाब (निधन 1792) यांनीही हा मसला फिकहचा मानला. त्यांच्या मते तो मकरूह होता, पण करणाऱ्यावर आक्षेप घेऊ नये असे त्यांनी लिहिले. मुस्लिम ब्रदरहुडचे संस्थापक हसन अल-बन्ना (1906–1949) यांनीही अल्लाहकडेच मागताना घेतलेला असा वसीला हा दुआच्या पद्धतीतला मतभेद आहे, अकीद्याचा नव्हे, असे म्हटले आहे. मनाईला झुकलेले आलिमच जिथे एवढी जागा सोडतात, तिथे एखाद्या भाषणाच्या आवेशात वडिलांच्या ईमानवर शंका घेणे हा जुलूम ठरेल.

मात्र हीच सवलत ओढून मृतांना थेट पुकारण्यापर्यंत नेऊ नये. ‘दुआ हीच इबादत (उपासना) आहे’ ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे, आणि म्हणूनच हाक कोणाला मारली जाते हा प्रश्न फिकहच्या पायरीवर थांबत नाही. वडील कधी तशी हाक मारताना दिसले, तर गप्प राहू नका. अदब राखून, एकांतात त्यांच्याशी बोला.

तुमच्या स्वतःच्या दुआबाबत सांगायचे तर, ज्या आलिमांच्या इल्मवर आणि परहेजगारीवर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारा आणि त्यांच्या मतावर चाला. दर मसल्यात सोपे वाटेल ते मत वेचत जाणे बरे नव्हे. त्यानंतरही मन अडखळत असेल तर वादातले शब्द सोडून कुरआनातल्या दुआ घ्या. हजरत यूनुस (अलै.) यांनी माशाच्या पोटातून केलेली दुआ सूरह अंबियाच्या 87 व्या आयतीत आहे, तीत अल्लाहची तौहीद, त्याची पाकी आणि आपल्या कसुराची कबुली एवढेच आहे, आणि ती कबूल झाल्याचे पुढचीच आयत सांगते.